रिकाम्या पाइपात मीटर खोटं बोलतो

दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात 'स्मार्ट' पाणीपुरवठ्याचं टेंडर निघालं की यादी साधारण ठरलेली असते. जलशुद्धीकरण केंद्रावर कंट्रोल रूम, भिंतभर स्क्रीन, टाक्यांवर लेव्हल सेन्सर, मोठ्या वाहिन्यांवर फ्लो मीटर, काही व्हॉल्व्हना मोटर, आणि घरोघरी एएमआर मीटर, म्हणजे दारात न थांबता रेडिओवर रीडिंग घेता येणारे. यादीत तसं चूक काही नाही. फक्त ती जिथे चोवीस तास पाइप भरलेले असतात अशा शहरांत तयार झाली आहे. आपल्याकडच्या वितरण वाहिनीत बहुतेक वेळ हवाच असते, आणि त्या हवेत यातली बरीच उपकरणं बिघडतात किंवा भलताच आकडा दाखवतात. बिघडलेलं उपकरण निदान कुणीतरी बदलतं. भलत्या आकड्यावर मात्र वर्षानुवर्षं अहवाल तयार होत राहतात.

म्हणून पैसे मोजके असतील (आणि नगरपरिषदेकडे ते मोजकेच असतात) तर क्रम असा ठेवावा: जिथे पाइप कायम भरलेला राहतो तिथून, म्हणजे जॅकवेलपासून (नदी-धरणाचं पाणी उपसायच्या विहिरीपासून) उंच टाकीच्या इनलेटपर्यंत, यंत्रांवर भरवसा ठेवायचा. टाकीच्या आउटलेटपासून पुढे व्हॉल्व्हमनवर, म्हणजे चावीने पाणी सोडणाऱ्या माणसावर. टाकीपुढचा भाग थेट यंत्रांच्या हवाली करण्याच्या घाईत बहुतेक योजना गंडतात.

फ्लो मीटरपासून सुरू करू. मोठ्या वाहिनीवर इलेक्ट्रोमॅग्नेटिक मीटर बसवतात. चुंबकीय क्षेत्रातून पाणी वाहिलं की वेगाच्या प्रमाणात सूक्ष्म व्होल्टेज तयार होतं आणि मीटर ते मोजतो. पाइप पूर्ण भरलेला आहे हे तो गृहीत धरतो. अर्धा पाइप रिकामा असला तरी तो पूर्ण क्षेत्रफळानेच गुणाकार करतो. उंच टाकीचं आउटलेट सरळ खाली उतरतं, तिथे पाणी धारेसारखं पडतं आणि पाइप अर्धवट भरलेला राहतो. त्या उभ्या पाइपावर लावलेला मीटर पाहिला की बसवणाऱ्याला फक्त बिलाची घाई होती हे कळतं. आउटलेटला मीटर हवाच असेल तर जमिनीजवळ वाहिनीला यू आकाराचं खोलगट वळण द्या आणि मीटर त्या खोलगट भागात बसवा. शिवाय 'पाइप रिकामा' हा अलार्म चालू आहे ना ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. पुष्कळदा तो बंदच असतो, कारण चालू ठेवला की सतत वाजतो.

सरळ लांबीचा हिशोब चेंबर बांधण्याआधी करायचा. मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या किमान ५ पट आणि नंतर ३ पट सरळ पाइप लागतो. ४०० मिमी वाहिनीला म्हणजे आधी २ मीटर, नंतर १.२ मीटर, शिवाय मीटरची स्वतःची लांबी आणि तो काढता यावा म्हणून डिसमँटलिंग जॉइंट. बेंड किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व्ह यांच्या लगेच पुढे बसवलेला मीटर घुसळलेलं पाणी मोजतो. सिमेंट अस्तराच्या डीआय (डक्टाइल आयर्न) किंवा एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपात पाण्याला अर्थिंग मिळत नाही, तिथे दोन्ही फ्लँजना अर्थिंग रिंग हवीच. नसली तर पंप सुरू होताक्षणी आकडा नाचतो आणि सगळे पंपाला दोष देत बसतात.

आणखी एक चूक आकाराची. वाहिनी तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी टाकलेली असते, मीटर मात्र आजचं पाणी मोजणार असतो. ४०० मिमी पाइपातून ताशी १०० घनमीटर वाहत असेल तर वेग सेकंदाला जेमतेम ०.२२ मीटर. इतक्या कमी वेगाला अचूकता घसरते. रेड्यूसर लावून २५० मिमीचा मीटर बसवला तर वेग ०.५७ वर येतो. मीटर स्वस्त पडतो तो फायदा वेगळाच.

आता हा मीटर खरा की खोटा, हे तपासायला प्रयोगशाळेची गरज नाही. टाकी हेच सगळ्यात मोठं मापटं आहे. समजा गोल टाकीचा आतला व्यास १४ मीटर. क्षेत्रफळ १५४ चौरस मीटर, म्हणजे पातळीतला दर सेंटिमीटर साधारण १,५४० लिटर. आउटलेट घट्ट बंद करा, पंप चालू करा. मीटर ताशी २५० घनमीटर दाखवत असेल तर दहा मिनिटांत पातळी २७ सेंटिमीटर चढली पाहिजे. चढली २२ सेंटिमीटर, तर मीटर जास्त दाखवतोय, किंवा मीटर आणि टाकी यांच्यामध्ये गळती आहे, किंवा आउटलेटचा व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतोय. शेवटची शक्यता आधी तपासा: पंप बंद, आउटलेट बंद, तासभर थांबा. पातळी १५ सेंटिमीटर उतरली तर २३ घनमीटर पाणी 'बंद' व्हॉल्व्हमधून किंवा टाकीच्या बुडातून गेलं. ही चाचणी करताना पातळी सेन्सरवर नव्हे, तर वरून टेप सोडून मोजावी.

कारण सेन्सरचीही एक नेहमीची गफलत असते. लेव्हल सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवतो. शून्य पातळीला ४ ठेवलेले असतात, म्हणजे तार तुटली तर ० येतो आणि बिघाड कळतो. सेन्सरची रेंज ० ते ५ मीटर आणि कंट्रोलरमध्ये कुणी ० ते ६ भरली, असं सर्रास होतं. मग ४ मीटर पाण्याला स्क्रीनवर ४.८ दिसतात. उलट बाजूने बघा: 'पातळी ४ मीटर झाली की पंप बंद' असा आदेश असेल तर पंप ३.३३ मीटरलाच थांबतो. वर घेतलेल्या १४ मीटर व्यासाच्या टाकीत दर भरण्याला ६७ सेंटिमीटर, म्हणजे लाखभर लिटर पाणी कमी चढतं. शेवटच्या गल्लीतल्या बायका पाणी आलं नाही म्हणून मोर्चा आणतात, आणि खालून गळती शोधायचं पथक फिरतं. सगळा घोळ एका चुकीच्या आकड्याचा.

अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर टाकीच्या घुमटाला बसवतात. त्याच्या तोंडापासून २५-३० सेंटिमीटरपर्यंतचं त्याला दिसत नाही, त्यामुळे तो ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा तेवढा वर हवा. इनलेटच्या धारेजवळ नको, आणि आतल्या शिडीच्या रांगेतही नको, कारण तो शिडीची पायरीच मोजत बसतो. पहाटे घुमटाखाली दव धरलं की तोंडावर थेंब जमतात आणि टाकी अचानक 'भरते'. यापेक्षा तळाशी सोडलेला प्रेशरवर चालणारा सेन्सर बरा. फक्त गाळापासून वीसेक सेंटिमीटर वर टांगायचा, आणि टाकी धुताना कामगार तो काढून ठेवतील, परत लावतील की नाही याकडे लक्ष द्यायचं. कुठलाही सेन्सर असो, ओव्हरफ्लोसाठी एक साधा फ्लोट स्विच थेट पंपाच्या स्टार्टरला वेगळ्या तारेने जोडलेला असावा. सॉफ्टवेअर अडकलं तरी तो पंप थांबवतो.

टाकीवरच्या कंट्रोल पॅनेलबद्दल थोडक्यात. उंच टाकी ही आसपासची सगळ्यात उंच वास्तू, त्यामुळे वीज तिच्यावरच पडते. सर्ज प्रोटेक्टर वीजपुरवठ्याला लावतात पण सेन्सरच्या केबलला विसरतात, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात इनपुट कार्ड जळतं. बॅटरी आणि सोलर पॅनेल चोरीला जातात, म्हणून सोलर पॅनेल वर गॅलरीत आणि बॅटरी कुलपाच्या पेटीत. तरी स्काडा, म्हणजे ही सगळी यंत्रं कंट्रोल रूमला जोडणारी यंत्रणा, बंद पडायचं एक नेहमीचं कारण याहून साधं आहे: सिमचं रिचार्ज संपलं. कंत्राटदाराचं बिल अडकलं की तो रिचार्ज करत नाही. तेव्हा सिम नगरपरिषदेच्या नावावर घ्या. यंत्राने किमान महिन्याभराचा डेटा स्वतःजवळ साठवला पाहिजे आणि रेंज आल्यावर मूळ वेळेसकट पाठवला पाहिजे. आणि संपर्क तुटला की स्क्रीनवरचा आकडा करडा झालाच पाहिजे. नाही तर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो, आणि कंट्रोल रूममधला ऑपरेटर तीन दिवस 'टाकी भरलेली आहे' असंच सांगत राहतो.

इथपर्यंतचं यंत्रांचं राज्य. आता टाकीपुढे.

वितरणात व्हॉल्व्हला मोटर लावायचा मोह आवरा. रस्त्यातला चेंबर पावसाळ्यात तुंबतो, वीज दिवसातून चार वेळा जाते, आणि जुन्या स्लुइस व्हॉल्व्हच्या खाचेत गाळ बसल्याने दार पूर्ण बसतच नाही. मोटर जोर लावते, टॉर्क स्विच तिला थांबवतो, स्क्रीनवर 'फॉल्ट' येतो आणि शेवटी व्हॉल्व्हमनच चावी घेऊन जातो. स्लुइस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रवाह आवरायचा हेही चूक; दार थरथरतं आणि बैठक झिजते. मोटर लावायचीच तर टाकीच्या आउटलेटच्या बटरफ्लाय व्हॉल्व्हला लावा. तिथे वीज आहे, कुंपण आहे, वॉचमन आहे.

आणि तिथेही बंद करण्याचा वेग हिशोब करून ठरवा. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १,००० मीटर वेगाने जाते. पाण्याचा १ मीटर प्रति सेकंद वेग झटक्यात थांबवला तर सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १० किलोचा जादा दाब तयार होतो. ३ किलोमीटरच्या वाहिनीत लाट जाऊन परत यायला ६ सेकंद लागतात. त्याहून लवकर बंद केलं तर पूर्ण दणका बसतो. व्यवहारात त्याच्या कित्येक पट वेळ, एक-दोन मिनिटं तरी घ्यावी. उघडताना तर जास्तच जपावं, कारण पुढे हवा आहे. आधी थोडंसं उघडून हवा एअर व्हॉल्व्हमधून निघू द्यायची, मग पूर्ण. जुन्या व्हॉल्व्हमनला हे हाताला कळतं. मोटरला ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि बसवणारा सहसा कारखान्याचं सेटिंग ठेवून निघून जातो.

म्हणजे व्हॉल्व्हमन राहणारच. त्याच्याकडून माहिती कशी घ्यायची, याचा एक प्रयोग आपल्या शेजारीच झाला आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. हुबळी-धारवाडमध्ये २०११च्या सुमारास 'नेक्स्टड्रॉप' नावाची सेवा सुरू झाली. कल्पना फार सुटसुटीत: व्हॉल्व्हमनने व्हॉल्व्ह उघडताना फोनवर कळवायचं, आणि त्या भागातल्या घरांना आधीच एसएमएस जायचा की पाणी येतंय. सेन्सर नाही, स्काडा नाही. पुढे ती बेंगळुरूला गेली आणि तिथे तिचा पद्धतशीर अभ्यासही झाला. निष्कर्ष असा की घरांच्या वाट पाहण्यात जवळपास फरक पडला नाही. कारणं तांत्रिक नव्हतीच. व्हॉल्व्हमन नेहमी कळवत नसत, आणि कळवलं-न कळवलं याने त्यांचं काही बनत-बिघडत नव्हतं. पाण्यासाठी घरी थांबणारी बाई, पण एसएमएस जाणारा फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या खिशात. आणि कुठलं घर कुठल्या व्हॉल्व्हवर आहे हे ठरवणंच मुळात किचकट.

त्या शेवटच्या मुद्द्यावर आपल्याकडे कुणी वेळ घालवत नाही, आणि तोच पाया आहे. जीआयएस नकाशा करून देणारी संस्था पाइपाच्या रेघा काढते, व्हॉल्व्हचे ठिपके देते. पण 'हा व्हॉल्व्ह उघडला की कोणत्या गल्ल्यांत पाणी येतं' ही यादी नकाशात नसते. ती करायची रीत अशी. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर द्या आणि तो चेंबरच्या झाकणावर न लिहिता शेजारच्या पक्क्या भिंतीवर, अंतरासकट रंगवा. झाकण पुढच्या डांबरीकरणात गाडलं जातं, भिंत राहते. मोबाइलच्या जीपीएसवर भरवसा नको, त्याची चूक पाच मीटरच्या आसपास असते आणि तेवढ्यात चौकातले तीन व्हॉल्व्ह एकमेकांत मिसळतात. पुरवठ्याच्या दिवशी तो एकच व्हॉल्व्ह उघडून व्हॉल्व्हमनबरोबर गल्ली-गल्ली चाला, कुठल्या नळाला किती वेळाने पाणी आलं ते लिहा. पूर्ण उघडायला किती फेरे लागतात तेही लिहा, कारण 'उघडला' आणि 'अर्धा उघडला' यांतला फरक पुढे सगळी भांडणं लावतो. जमिनीखालची पीव्हीसी वाहिनी साध्या लोकेटरला सापडत नाही. नवी टाकताना वर तांब्याची तार अंथरली तर सापडते, आणि वाहिनीच्या मानाने तिचा खर्च फार नसतो. तरी टेंडरमध्ये क्वचितच असते.

मग व्हॉल्व्हमनकडून काय घ्यायचं? दोनच गोष्टी: व्हॉल्व्ह नंबर आणि उघडला की बंद केला. सतरा रकान्यांचं ॲप पहाटे चार वाजता, एका हातात चावी आणि दुसऱ्यात बॅटरी धरलेला माणूस भरत नसतो. प्रत्येक चेंबरजवळच्या भिंतीवर क्यूआर कोड, किंवा त्याहून सोपं म्हणजे ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल. रिचार्जचे पैसे पगारात वेगळे द्या. बहुतेक व्हॉल्व्हमन कंत्राटी असतात आणि त्यांना ही नोंद म्हणजे पाळत वाटते. ते वाटणं अगदीच खोटं नाही. दुसरी अडचण मोठी. 'दहा मिनिटं जास्त सोड' असा फोन वरून आला की नोंदीत ती दहा मिनिटं दिसणार, म्हणून नोंदच विसरली जाते. नोंद जर त्याच्याविरुद्ध न वापरता त्याचा पुरावा म्हणून वापरली, म्हणजे 'वेळापत्रक साहेबांचं, माझ्या हातात नाही' असं त्याला दाखवता आलं, तर तो स्वतःहून कळवतो.

पडताळणीसाठी दर दहा व्हॉल्व्हमागे एक प्रेशर लॉगर, म्हणजे दाबाची नोंद ठेवणारं यंत्र, पुरतो. तो टाकीजवळ नको, तर त्या भागाच्या शेवटच्या आणि सगळ्यात उंचावरच्या नळजोडणीवर. घेताना उणे १ ते १० किलो अशी रेंज असलेला घ्या. पाणी बंद झाल्यावर वाहिनी रिकामी होताना, आणि टुल्लू पंप लावून खेचताना, आत शून्याखाली दाब जातो. साधा लॉगर तिथे नुसतं शून्य दाखवतो, आणि शेजारच्या गटाराचं पाणी नेमकं त्याच वेळी गळतीच्या भोकातून आत शिरत असतं. दर पंधरा मिनिटांची नोंद हे चोवीस तास पुरवठ्याचं माप झालं. दोन तासांच्या पाण्यात त्यातून आठच आकडे मिळतील. दाब ०.२ किलोच्या वर गेला की मिनिटाला एक, एरवी तासाला एक, अशी सेटिंग ठेवली तर बॅटरीही टिकते. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा विनापरवाना आहे, लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचे लॉगर त्यावर चालतात आणि सिमची कटकट राहत नाही. मात्र रिसीव्हरला उंची हवी. ती उंच टाकीने आयती दिलेली आहे.

गळती मोजायची पुस्तकी रीत म्हणजे रात्री दोन ते चार या वेळेतला प्रवाह बघायचा, सगळे झोपलेले असताना वाहतं ते गळतं. दिवसाआड पुरवठ्यात ही रीत चालत नाही, कारण पाणी आलं की सगळ्या टाक्या भरतात, रात्र असो की दिवस. पर्याय म्हणजे एका व्हॉल्व्हच्या भागातल्या सगळ्या घरांचे स्टॉपकॉक बंद करून वाहिनी भरायची आणि टाकीची पातळी किती उतरते ते पाहायचं. दोनशे घरांना एक सकाळ लागते. कंटाळवाणं काम आहे, पण त्यातून निघणारा आकडा कुठल्याही डॅशबोर्डवरच्या 'हिशोबबाह्य पाण्या'पेक्षा खरा असतो.

घरचे मीटर मी मुद्दाम शेवटी ठेवले. पाणी सुटलं की आधी हवा येते, आणि हवेने यांत्रिक मीटर भिंगरीसारखा फिरतो. ग्राहकाची 'हवेचं बिल येतं' ही तक्रार खरी असते. अल्ट्रासॉनिक मीटरला फिरणारा भाग नाही, हवेत तो काही नोंदवत नाही, पण महाग आहे. उलट टोकाला, घरातल्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह हळूहळू बंद होताना बारीक धार चालते. ताशी अडीच घनमीटरच्या, आर ८० वर्गाच्या (आर म्हणजे मीटरच्या नेहमीच्या कमाल आणि किमान प्रवाहाचं गुणोत्तर) मीटरला ताशी सुमारे ३१ लिटरखालचा प्रवाह अचूक मोजणं बंधनकारकच नाही. चोवीस तास पाणी असताना ताशी २० लिटरची धार दिवसाला ४८० लिटर न मोजता जाऊ शकते. म्हणून मीटर घेताना त्याच्या रेडिओपेक्षा आर आकडा आधी बघावा.

कराडजवळच्या मलकापूरला एएमआर मीटर कामाला आले ते तिथे पाणी चोवीस तास झालं, वाहिन्या नव्या झाल्या आणि वापर वाढेल तसा दर चढत गेला म्हणून. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि गुलबर्ग्याच्या काही भागांत २००८च्या सुमारास चोवीस तास पाणी आलं, तेव्हाही आधी जाळं बदललं आणि प्रत्येक जोडणीला मीटर बसला. सुट्या सुट्या खरेदीत मात्र रेडिओ बंद पडतात, बॅटऱ्या संपतात आणि रीडर पुन्हा वही घेऊन फिरू लागतो.

करारात तीन-चार ओळी घालून घ्याव्यात. डेटा आणि सर्व पासवर्ड नगरपरिषदेचे. यंत्रं मॉडबससारख्या खुल्या प्रोटोकॉलवर बोलणारी. पीएलसी (टाकी-पंपावरचे कंट्रोलर) उघड्या इंटरनेटवर नको. पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे चालू असलेल्या सेन्सरच्या टक्केवारीवर, आणि ती टक्केवारी वर सांगितलेल्या टेपने तपासायची. प्रोग्रॅमची मूळ फाइल हस्तांतरणाच्या यादीत असतेच, पण सीडीत रिकामं फोल्डर निघतं. त्यामुळे कंत्राट संपायच्या दोन महिने आधी एका टाकीवरचा कंट्रोलर पूर्ण पुसायला लावा आणि आपल्या लॅपटॉपवरून, आपल्या ज्युनिअर इंजिनिअरच्या हातून, तो पुन्हा चालू करून दाखवायला सांगा. शेवटचं बिल त्यानंतर.